एंटरप्राइझवरची बैठक

दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं तेव्हा आमच्या घरचा टीव्ही कृष्णधवल होता. एंटरप्राइझ यानावरचे लोक सोनेरी, निळे आणि लाल शर्ट घालतात, त्या रंगांवरून कोण कुठल्या खात्याचं ते ओळखायचं असतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आम्हाला सगळेच राखाडी दिसत. इंग्रजी निम्म्याहून अधिक डोक्यावरून जायचं. दादा मध्येच अर्थ सांगायचा, त्यातला बराचसा त्याच्या मनचा असायचा. त्यानं काही बिघडत नव्हतं, कारण आमचे डोळे लागलेले असत ते यानावरच्या स्पॉकच्या टोकदार कानांकडे आणि माणसं पाठवायच्या त्या यंत्राकडे. माणूस चौथऱ्यावर उभा राहायचा, अंगभर ठिणग्या नाचायच्या, आणि पुढच्या क्षणी तो खालच्या ग्रहावर हजर! दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चात बसत नव्हतं म्हणून ही युक्ती निघाली होती. चाळीच्या जिन्यात तीन पायऱ्यांवर तिघं ताठ उभे राहून आम्ही हाच खेळ खेळायचो.

ती मालिका मुळात १९६६ ते १९६९ मधली. ७९ भागांची. अमेरिकेत तेव्हा व्हिएतनामचं युद्ध आणि कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा दोन्ही पेटलेली होती. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी यानावर आफ्रिकी वंशाची उहुरा बसवली, जपानी वंशाचा सुलू बसवला, आणि शीतयुद्ध चालू असताना चेकॉव्ह नावाचा रशियनही आणून बसवला. उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायला निघाल्या होत्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायची गळ घातली. यातलं काही आम्हाला माहीत नव्हतं. कानात यंत्र अडकवून बोर्डापुढे बसलेली एक बाई दिसायची, आणि ती तिथे असणं मला अगदी साहजिक वाटायचं. आज पाहताना तिच्या वाट्याला किती कमी संवाद आले आहेत तेही डोळ्यांत भरतं, आणि खटकतं.

लहानपणी जे दिसलं आणि आता जे दिसतं, यातलं अंतर मला सगळ्यात जास्त जाणवतं ते एका भागात. ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’ असं त्याचं नाव. दोन परग्रहवासी यानावर येतात, बील आणि लोकाय. दोघांचा चेहरा उभा दुभागलेला, एक बाजू काळी, एक पांढरी. कृष्णधवल टीव्हीवर यातलं काहीच हरवलं नाही. आम्हाला गंमत वाटली आणि कोळशानं अर्धं तोंड रंगवल्याबद्दल आईचं बोलणं खावं लागलं. गोष्ट अशी की बील हा लोकायचा हजारो वर्षं पाठलाग करतो आहे, आणि त्याच्या मते लोकाय हीन जमातीचा. कॅप्टन किर्क आणि स्पॉक यांना दोघांत काही फरकच दिसत नाही. बीलला याचं नवल वाटतं. यांना दिसत कसं नाही? माझी उजवी बाजू काळी आहे, याच्या सगळ्या लोकांची उजवी बाजू पांढरी! शेवटी यान त्यांच्या ग्रहाजवळ पोचतं तर तिथे कुणीच जिवंत नाही, एकमेकांना मारून सगळे संपलेत. आणि हे दोघं तरीही खाली उतरून एकमेकांच्या मागे धावत सुटतात.

हा भाग पुष्कळांना बटबटीत वाटतो. मला वाटत नाही. नव्या माणसाचं आडनाव आणि मूळ गाव कळेपर्यंत ज्या समाजात बोलणं पुढे सरकत नाही, तिथे वाढलेल्या बाईला तो बटबटीत वाटायचं काही कारणही नाही. बाहेरच्याला आपल्याकडे कुणाचा कुणाशी फरक दिसणार नाही. आतल्याला तो क्षणात दिसतो आणि इतरांना दिसत नाही याचंच आश्चर्य वाटतं. बीलच्या चेहऱ्यावरचं ते प्रामाणिक आश्चर्य मी लग्नाच्या बैठकींत पाहिलं आहे, ऑफिसच्या कँटीनमध्ये पाहिलं आहे. दहाव्या वर्षी हे कळणं शक्य नव्हतं. त्यासाठी वय व्हावं लागतं.

पुढे केबल आली आणि तिच्याबरोबर ‘द नेक्स्ट जनरेशन’. १९८७ ते १९९४ या काळातली ही मालिका, सात सीझनची. किर्कच्या जागी पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांचा कॅप्टन पिकार्ड, टक्कल पडलेला, चहा पिणारा, पुस्तकं वाचणारा. मी तेव्हा विशीत होते आणि मला ती संथ वाटली. संकट आलं की हा कॅप्टन बैठक बोलावतो. मोठ्या खिडक्यांबाहेर तारे, आत लांबट टेबल, भोवती डॉक्टर, इंजिनिअर, सुरक्षाप्रमुख, समुपदेशक. तो विचारतो, काय करता येईल? एकेक जण बोलतो. मी तेव्हा उठून पाणी प्यायला जायची.

तीन दशकं नोकरी करून झाल्यावर त्याच बैठका मी श्वास रोखून बघते. यानाचा वेग, शस्त्रं, परग्रह हे सगळं कल्पनेतलं, पण मोठ्या माणसाला त्याहून दुर्मीळ वाटतं ते हे: वरिष्ठ खरोखर विचारतोय, कनिष्ठ भीड न ठेवता विरोध करतोय, आणि समोरच्याचं म्हणणं पटलं तर आपलं मत बदलण्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. निर्णय झाला की जबाबदारी मात्र कॅप्टनची. प्रौढ माणसं अशा मालिकेत का रमतात याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे. नीट विचार करणारी माणसं एकत्र बसून वाद घालताना बघण्याची आपल्याला भूक असते, आणि ती फार थोड्या ठिकाणी भागते.

त्यातला सर्वांत मोठा वाद १९८९ सालच्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागात आहे. मेलिंडा स्नॉडग्रास यांनी तो लिहिला. त्या आधी वकील होत्या, आणि ते जाणवतं. डेटा हा यानावरचा अधिकारी यंत्रमानव आहे. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला तो सुटा करून अभ्यासायचाय, त्याच्यासारखे आणखी बनवायचेत. डेटा नकार देतो, राजीनामा देतो. पण मालमत्तेला राजीनामा देता येतो का? खटला उभा राहतो. तिथलं विधी कार्यालय नवं, माणसं नाहीत. म्हणून डेटाच्या विरुद्ध बाजू मांडायला त्याचाच सहकारी रायकर याला उभं केलं जातं. त्यानं नकार दिला तर डेटा सुनावणीविनाच हरणार.

आता तो छोटासा प्रसंग. रायकर एकटा बसून डेटाचे तांत्रिक आराखडे चाळतोय. एका जागी त्याची नजर थांबते. डेटाला बंद करायचं बटण सापडलंय, खटला जिंकून देणारं. चेहऱ्यावर विजयाचं हसू उमटतं आणि तिथेच विरतं, कारण आपण कुणाविरुद्ध जिंकतोय हे त्याला आठवतं. त्यात एकही शब्द नाही. नंतर तो भर कोर्टात डेटाचा हात काढून दाखवतो आणि मग ते बटण दाबतो.

पिकार्ड खचतो. त्याला वाट दाखवते ती गायनन, व्हूपी गोल्डबर्ग यांनी केलेली भूमिका. एका डेटाचं सोड, ती सुचवते, असे हजारो झाले म्हणजे? ज्यांचे श्रम दुसऱ्याच्या मालकीचे, अशी आख्खी जमात? या एका विचाराने खटला फिरतो. न्यायाधीश लुव्हॉ म्हणते की याला आत्मा आहे का हे मी सांगू शकत नाही, मला आहे का तेही नाही. पण तो शोध घेण्याचं स्वातंत्र्य त्याला असलं पाहिजे.

हा भाग मी अलीकडे लेकीबरोबर पाहिला. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. “आई, जजनं प्रश्न टाळलाय गं,” ती म्हणाली. मी म्हटलं, टाळला नाही, आपल्याला काय कळत नाही हे सांगून निकाल दिला, आणि तेच अवघड असतं. आमचं एकमत झालेलं नाही. मात्र एक मानावं लागलं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हा केवळ कल्पनेतला खटला वाटला होता. आज मोबाइलशी मराठीत बोललं तर तो मराठीत उत्तर देतो, आणि गायननचा प्रश्न थेट आपल्या दिवाणखान्यात येऊन बसलाय.

मराठी वाचकाला ही वाट अगदीच परकी नव्हती. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तेव्हापासून विज्ञानकथेत प्रश्न विचारायची सवय इथेही लागत होती. त्यांच्या ‘वामन परत न आला’मध्येही यंत्रमानव आहे. तिथे चिंता माणसाच्या भवितव्याची, इथे यंत्राच्या हक्काची. दोन्ही एकापाठोपाठ वाचून-बघून पाहावीत.

‘द इनर लाइट’बद्दल थोडंच सांगते. ‘द नेक्स्ट जनरेशन’मधला १९९२ चा भाग, ह्यूगो पुरस्कार मिळालेला. एका अनोळखी यंत्राचा किरण पिकार्डवर पडतो आणि यानावर अर्धा तासही होत नाही तोवर तो दुसऱ्या ग्रहावरच्या दुष्काळी गावात आख्खं आयुष्य जगतो. बायको, मुलं, नातू, म्हातारपण. तो ग्रह हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेला असतो, तिथल्या लोकांनी आपली आठवण कुणाच्या तरी मनात राहावी म्हणून ते यंत्र सोडलेलं. यंत्रात एक बासरी सापडते. तरुणपणी मला यातली युक्ती आवडली होती. आईवडील गेल्यावर त्यांचं कपाट आवरलं, त्यानंतर पाहिला तेव्हा मला ती बासरी दिसली.

नव्या मालिकांचा राग नाही माझा. ‘पिकार्ड’ २०२० मध्ये आली तेव्हा पहिल्या दिवशी पाहिली. पण सीझनचे दहा भाग आणि दहाही मिळून एकच गोष्ट, म्हणजे प्रत्येक भाग पुढच्या भागाकडे ढकलत नेतो. थांबून विचार करायला जागा राहत नाही. जुन्या पद्धतीत २६ भाग असत, काही सुमार निघत, पण प्रत्येकात एक प्रश्न पुरता मांडलेला असे आणि तो घोळवायला पुढचे सात दिवस मिळत. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ने सुट्या गोष्टींकडे परत वळून बरं केलं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं ‘द नेक्स्ट जनरेशन’चा पहिला सीझन खुशाल वगळावा, तो कच्चा आहे. दुसऱ्या सीझनमधला डेटाचा खटला आधी बघावा आणि तिथून तिसऱ्याकडे जावं. ‘द इनर लाइट’ मात्र घाईनं बघू नये. पिकार्डनं संसार केलेला नाही, मुलाबाळांत तो अवघडतो, हे आधी नीट ओळखीचं व्हायला हवं. तरच त्या दुष्काळी गावात त्याला काय मिळालं ते कळतं.