तांबेरा, मालकी आणि एक जून

गव्हाच्या पानावर तांबूस भुकटी धरणाऱ्या रोगाला आपण तांबेरा म्हणतो. इंग्रजीत त्याचे नाव रस्ट. ग्रेडन होर या संगणक-अभियंत्याने आपल्या नव्या भाषेला हे नाव दिले ते लोखंडाच्या गंजावरून नव्हे, तर या बुरशीवरून. कशाही परिस्थितीत तगून राहण्याचा तिचा चिवटपणा त्याला भावला होता. २००६ साली तो कॅनडातील व्हँकुव्हर शहरात एका इमारतीच्या एकविसाव्या मजल्यावर राहत होता. लिफ्टचे सॉफ्टवेअर कोलमडल्यामुळे एके दिवशी सगळे जिने चढावे लागले आणि त्या वैतागातून भाषेची कल्पना निघाली, अशी हकिकत सांगितली जाते. २००९ पासून मोझिला या संस्थेने तिला आधार दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली.

इतिहासात एम.ए. करून तीन दशके सनावळ्या शिकवणाऱ्या शिक्षिकेने संगणकाच्या भाषेविषयी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. त्याचे कारण याच स्मरणिकेत आहे. अखेरच्या पानांवरची माजी विद्यार्थ्यांची यादी शाळेच्या जनरल रजिस्टरांवरून तयार झाली आणि ती तयार करणारी आज्ञावली आमच्या वसतिगृहातील नववी-दहावीच्या मुलींनी रस्ट भाषेत लिहिली. हे काम एक्सेलमध्ये झाले नसते काय? अवश्य झाले असते, आणि लवकर झाले असते. परंतु मागे एका कार्यक्रमाला आलेले पाहुणे सहज बोलून गेले होते की, या मुलांना टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरणे आले तरी पुष्कळ झाले. हे वाक्य आपल्या घरांनी पिढ्यान्पिढ्या ऐकले आहे. त्यातला विषय तेवढा बदलत आला. म्हणून, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला आपला एक माजी विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत आला आणि त्याने ‘अवघड आहे, पण रस्टच शिकवू या’ असे सुचवले, तेव्हा मी लगेच होकार दिला. या भाषेचे मूळ पाठ्यपुस्तक विनामूल्य आहे आणि भाषेबरोबर ते संगणकावरच उतरते. नंतर इंटरनेट नसले तरी अडत नाही. आपल्याकडच्या इंटरनेटची अवस्था जाणणाऱ्यांना यापेक्षा मोठे कारण सांगायला नको. मुलींबरोबर मीही बाकावर बसले.

कोणताही नियम शिकताना तो का करावा लागला हे आधी विचारावे, अशी इतिहासाची सवय असते. रस्टचे नियम कडक आहेत, आणि त्यांच्यामागे अर्धशतकाचा अनुभव आहे. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा घडवली. जगातील बहुतेक यंत्रणा तिच्यावर उभ्या राहिल्या. तिच्यात संगणकाच्या स्मृतीतील जागा मागून घेणे आणि काम संपल्यावर ती परत करणे, ही दोन्ही कामे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या भरवशावर सोडलेली असतात. आमच्या वसतिगृहातील पत्र्याच्या पेट्यांची कपाटे माजी विद्यार्थ्यांना आठवत असतील. दहावीचा मुलगा निघून गेला, कपाट नव्या मुलाला मिळाले, पण जुन्या मुलाच्या खिशात किल्ली राहून गेली, तर काय होईल? तो मुलगा सज्जन असला तर काहीच होणार नाही. वर्षानुवर्षे काही होत नाही आणि मग एके दिवशी होते. स्मृतीचेही तसेच आहे. जागा परत केल्यावरही तिचा पत्ता कोणाकडे तरी शिल्लक राहतो. दुसरा प्रकार म्हणजे रजिस्टरातील रकाना संपला तरी लिहीत जाणे, म्हणजे शेजारच्या नोंदीवर अक्षरे चढतात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील हजारो संगणक ठप्प करणारा ‘मॉरिस वर्म’ ज्या वाटांनी शिरला, त्यांतली एक वाट अशा ओसंडलेल्या रकान्याची होती. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी याच जातकुळीच्या असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. इतकी वर्षे इतक्या हुशार माणसांच्या हातून तेच होत असेल, तर ‘नीट लक्ष द्या’ हा उपदेश पुरेसा नाही, एवढे मान्य करावे लागते.

यावर एक तोड १९६० च्या सुमारासच जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी काढली होती. आज्ञावली चालू असतानाच मागून झाडू मारत फिरणारा सफाईदार नेमायचा. जावासारख्या भाषा याच वाटेने गेल्या. पण सफाईदाराला वेळ लागतो आणि जागाही लागते. रस्टने सफाईदार नेमला नाही. तिने मालकी ठरवली. प्रत्येक वस्तूला मालक असतो, एका वेळी एकच असतो, आणि मालकाचे कार्यक्षेत्र संपले की वस्तूची जागा आपोआप मोकळी होते. मालकी दुसऱ्याकडे सोपवता येते, मात्र सोपवल्यावर पहिल्याचा हक्क उरत नाही.

मुलींना हे समजायला मला वाटले होते त्याहून फार कमी वेळ लागला. शाळा सोडल्याचा दाखला त्यांना ठाऊक आहे. दाखला घेऊन मुलगी दुसऱ्या शाळेत गेली की आपल्या हजेरीतून तिचे नाव कमी होते, आणि नंतर ते नाव पुकारणे निरर्थक ठरते. रस्टमध्ये असे गेलेले नाव पुकारले तर संकलक, म्हणजे आज्ञावली तपासून यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर, तिथेच थांबवतो. मूळ वस्तूही हवी आणि दुसऱ्यालाही द्यायची असेल तर नक्कल काढा, पण ती ‘क्लोन’ असा शब्द लिहून उघडपणे काढा. लपूनछपून नक्कल होत नाही.

मालकी न देता वस्तू वापरायला देण्याला उसनवारी म्हणता येईल. तिचा नियम मला फार आवडला. वाचणारे कितीही असोत, लिहिणारा मात्र एकच असावा, आणि तो लिहीत असताना वाचणारा कोणी नसावा. वर्गात फळ्यावरचा नकाशा चाळीस जणी एकाच वेळी उतरवून घेऊ शकतात. मी नकाशा पुसून बदलत असताना उतरवू लागल्या, तर कोणाच्या वहीत अर्धा जुना आणि अर्धा नवा नकाशा येईल. शिवाय उसनी घेतलेली वस्तू मूळ वस्तूपेक्षा जास्त काळ जगू शकत नाही. त्या काळाला पाठ्यपुस्तक ‘लाइफटाइम’ म्हणते. आम्ही वर्गात ‘आयुर्मर्यादा’ असा शब्द केला. हा भाग खरोखर अवघड आहे. मुलींना तो सोपा करून सांगण्याच्या भरात चुकीचा सांगू नये, म्हणून त्याला तीन शनिवार दिले.

संकलक वारंवार नकार देतो, अशी रस्टबद्दल सर्वांचीच तक्रार असते. माझे मत जरा निराळे आहे. नकार आपल्या लोकांना नवा नाही. कारण न सांगता दिलेला नकार मात्र माणसाला खचवतो. हा संकलक कोणत्या ओळीत, कोणत्या शब्दाशी अडले ते दाखवतो, मालकी कोठे गेली आणि नंतर ती कोठे मागितली हे खुणा करून सांगतो, आणि पुष्कळदा ‘असे करून पाहा’ म्हणून उपायही सुचवतो. तो इंग्रजीतून बोलतो, ही अडचण खरी आहे. आम्ही त्याच्या नेहमीच्या संदेशांचे मराठी अर्थ एका शंभर पानी वहीत उतरवले. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-वडिलांमागे वसतिगृहात राहणारी एक मुलगी ती वही सांभाळते. इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारी ही मुलगी आता संकलकाचे संदेश मोठ्याने वाचते.

आता एक जूनविषयी. माझ्या आणि माझ्या आधीच्या पिढीतील असंख्य माणसांचा जन्म कागदोपत्री एक जूनला झालेला आहे. मूल शाळेत आणले जाई. जन्माची नोंद नसे, आईला साल-महिना सांगता येत नसे. जूनमध्ये शाळा सुरू होणार आणि वय तर भरले पाहिजे, म्हणून गुरुजी अंदाजाने साल धरून एक जून लिहून टाकत. रकाना रिकामा ठेवण्याची सोय नव्हती. ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याच्या वेषात रजिस्टरात बसली आणि पुढे पेन्शनपर्यंत तीच खरी ठरली.

संगणकाच्या इतिहासात याचा जुळा प्रश्न आहे. १९६५ मध्ये टोनी होर (हे होर वेगळे) यांनी एका भाषेत ‘नल’ म्हणजे ‘काहीच नाही’ दाखवणारा पत्ता आणला. अंमलात आणायला तो फार सोपा होता. २००९ मध्ये एका परिषदेत त्यांनीच त्याला आपली शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. अडचण अशी की ‘काहीच नाही’ हे दिसायला ‘काहीतरी आहे’ यासारखेच असते, आणि विसंबून वापरायला गेले की आज्ञावली कोसळते. रस्टने ही सोय ठेवलीच नाही. एखादी गोष्ट नसण्याची शक्यता असेल तर ते आरंभीच ‘ऑप्शन’ या प्रकाराने जाहीर करायचे. आत काही असेल तर ‘सम’, नसेल तर ‘नन’. ‘मॅच’ वापरून दोन्ही शक्यतांची व्यवस्था लावल्याशिवाय आतली वस्तू हाती घेण्याचा राजमार्ग नाही. संकलकाचा पहारा टाळणाऱ्या पळवाटा आहेत, पण त्याही नाव घेऊनच वापराव्या लागतात.

मुलींनी आधी जन्मतारखेला ‘ऑप्शन’ लावले. तारीख आहे किंवा नाही. पहिली वही भरताना मात्र एकापाठोपाठ एक जून येऊ लागले, तेव्हा त्याच मुलीने विचारले, “मॅडम, यातला खरा एक जून कोणता आणि धरलेला कोणता?” हा प्रश्न इतिहासाचा आहे. साधनाची विश्वसनीयता म्हणून एम.ए.ला आम्हाला जो पेपर होता, त्यातला आहे. शेवटी आम्ही रस्टच्या ‘एनम’ या सोयीने जन्मतारखेचे तीन प्रकार केले. दाखल्याचा आधार असलेली, शाळेने अंदाजाने धरलेली, आणि अज्ञात. तिसरा प्रकार जोडताच संकलकाने आज्ञावलीतील ज्या ज्या जागी दोनच शक्यता धरल्या होत्या, त्या जागा एकेक करून दाखवल्या. एकही सुटली नाही. दप्तर तपासताना अशी मदत मिळण्यासाठी कोणताही संशोधक काय देणार नाही!

आकृतिबंधांविषयी थोडक्यात लिहिते. क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये घरे आणि गावे बांधताना पुन्हा पुन्हा उपयोगी पडणाऱ्या रचनांचा ग्रंथ लिहिला. त्या विचाराच्या आधाराने १९९४ मध्ये चार संगणकतज्ज्ञांनी आज्ञावलींच्या रचनांचे पुस्तक काढले. त्यातील काही रचना रस्टमध्ये निराळे रूप घेतात. रस्टच्या पाठ्यपुस्तकात एका लेखाचे उदाहरण आहे. कच्चा मसुदा, तपासणीसाठी गेलेला लेख आणि प्रसिद्ध लेख हे तीन वेगळे प्रकारच करायचे. मसुद्याकडून तपासणीकडे जाताना मालकी पुढे जाते आणि मागचा मसुदा उरत नाही. मजकूर देण्याची क्रिया फक्त प्रसिद्ध लेखालाच असते, त्यामुळे न तपासलेला लेख छापायला जाऊच शकत नाही. आमच्या संपादक मंडळाला हे उदाहरण विशेष आवडले. दुसरी रचना अगदी साधी आहे. जनरल रजिस्टर क्रमांक हाही आकडा आणि कपाट क्रमांक हाही आकडा, म्हणून प्रत्येकाला आपापल्या नावाचे पाकीट घालायचे. मग एकाच्या जागी दुसरा दिला तर संकलक तो घेत नाही.

रस्टमध्ये वारसा नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. इतर अनेक भाषांत एक वर्ग दुसऱ्याच्या पोटी जन्म घेतो आणि त्याचे सारे गुण-ओझे आपोआप त्याच्याकडे येते. रस्टमध्ये ‘ट्रेट’ असतात. अमुक काम करता येते असे जाहीर करायचे आणि ते करून दाखवायचे. ज्याला करता येते त्याला ते काम मिळते, तो कोणापासून निघाला याची चौकशी होत नाही. वतनाचा इतिहास शिकवणाऱ्या मला येथे थांबून हसू आले. तुलना अधिक ताणत नाही. भाषा घडवणाऱ्यांच्या मनात ते नव्हते.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.१ आवृत्तीपासून त्या यंत्रणेच्या गाभ्यात रस्टला प्रवेश मिळाला आहे. आमच्या मुली सध्या एकाच वेळी दोन संगणकांवरून नोंदी भरण्याची व्यवस्था शिकत आहेत. तिथे कुलूप लागते. कुलूप ज्याच्या हाती आहे त्याचे काम संपले की ते आपोआप सुटते, कारण तेही मालकीच्याच नियमाने चालते.

यादीत ज्यांच्या नावापुढे ‘धरलेली’ असा शेरा दिसेल, त्यांनी आपली खरी तारीख ठाऊक असल्यास कार्यालयात कळवावी. कागद हवाच असे नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळात, पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असे आईने सांगितलेले असेल, तर तेही तिच्याच शब्दांत लिहून पाठवावे. त्यासाठी मुलींनी गेल्या आठवड्यात चौथा प्रकार जोडला आहे. संकलकाने अकरा जागा दाखवल्या, त्यांतल्या नऊ भरून झाल्या आहेत.