रनिंग कॉमेंट्री

सर्वप्रथम एक खुलासा. मी समीक्षक वगैरे नाही. मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी कसं आहे ते या विभागाच्या संपादकांना विचारा (ऱ्हस्व-दीर्घ त्यांनीच सुधारलेत). तरीही सिनेमांवर मत द्यायचा हक्क मला आहे असं मी समजते, कारण मी ते नुसते बघत नाही, आजीला सांगते.

आजीच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. ऑपरेशनने बरा होण्यातला तो आजार नव्हे. उजेड कळतो, कडेकडेचं थोडं दिसतं, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. कान मात्र तिखट. सुट्टीत घरी गेले की जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी टीव्हीसमोर बसतो. संवाद ती ऐकते, बाकीचं मी पुरवायचं.

सोपं वाटतं ना? करून बघा. 'किल्ला' (२०१५) लावला होता. वडील गेलेले, आईची बदली, म्हणून पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय. फर्स्ट इयरला हॉस्टेलवर पहिली रात्र काढलेल्या कुणालाही तो पोरगा लगेच कळेल. पण दिग्दर्शक अविनाश अरुण मूळचे कॅमेरामन! बोलणं कमी आणि पाऊस, समुद्र जास्त. मी म्हटलं, "आजी, समुद्र आहे."

"कसा?"

"मोठा."

"अगो, तो मोठाच असतो. भरती आहे का सुकती?"

आजीचं माहेर रत्नागिरीकडचं. सुकती म्हणजे ओहोटी, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मित्र चिन्मयला किल्ल्यावर एकटं टाकून निघून जातात आणि पाऊस कोसळतो, तेव्हा तर माझ्याकडे 'ओलं' हा एकच शब्द उरला होता. आमच्या विंगमध्ये काहीजणी लॅपटॉपवर दीडपट स्पीडने सिनेमे उरकतात. बाकी काहीही तसं बघा, 'किल्ला' बघू नका. तो पाऊस दीडपट वेगाने पडला तर हातात स्टोरी राहील, सिनेमा राहणार नाही.

'कोर्ट' (२०१५) सांगायला त्या मानाने सोपा. चैतन्य ताम्हाणेंचा कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, माणसं येतात-जातात. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं इंग्लिशमध्ये भराभरा वाचतात, ती मी मराठीत करून सांगितली. माझं कॉन्व्हेंट घरात पहिल्यांदा कामी आलं! आरोप काय, तर शाहिराने गाणं म्हटलं आणि ते ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. आजी म्हणाली, "हे खोटं आहे हे त्या जज्जाला कळत नाही?" मी म्हटलं, कळत असेल. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून बंद होतात. बाबा चहाचा कप घेऊन उठलेच. पण सिनेमा संपत नाही, जज्ज पिकनिकला जातात! काही जणांना ते शेपूट लांबलेलं वाटतं. मला ते हवंच वाटतं. माणूस आत आणि न्यायाधीश रिसॉर्टवर, एवढंच दाखवायचं होतं.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मध्ये मला काही कामच नसतं. आजीला तो पाठ आहे, पुढचा प्रसंग तीच आधी सांगते. एवढंच म्हणेन की ज्यांनी हॉस्टेल सोडून बाहेर फ्लॅट शोधलाय त्यांच्या दृष्टीने ती कॉमेडी नसून डॉक्युमेंटरी आहे. आणि ज्या सिनेमांत दर दोन मिनिटांनी व्हायोलिन वाजतं त्यांच्याबद्दल आजीचंच मत देते: "आता कुणीतरी मरणार. तू सांगू नकोस."

'श्वास' (२००४) लावायला मी टाळत होते. लहान मुलाच्या डोळ्याला कॅन्सर, ऑपरेशननंतर दिसणार नाही, आणि आजोबा त्याला आदल्या दिवशी शहर दाखवायला नेतात. आजीनेच हट्ट धरला. मी घाबरत घाबरत सांगत होते, तर म्हणते, "पोराला काय काय दाखवतोय ते नीट सांग, गाळू नकोस." मग नाही गाळलं.

आणि 'फँड्री' (२०१४). नागराज मंजुळेंचा. शेवटी जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, गाव मजा बघतंय, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. आजी खुर्चीत ताठ झाली. मी सांगितलं, "तेही उभे राहिलेत. डुक्कर समोरून पळून चाललंय, तरी उभे आहेत." मग डुक्कर बांधून नेताना मागे शाळेची भिंत, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. तेही सांगितलं. मग दगड.

"दगड मारला त्याने."

"कुणाला?"

"आपल्याला, आजी. कॅमेऱ्याकडे मारलाय."

आजी बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं झोप आली असेल. मग म्हणाली, "आमच्याकडे एक मुलगा यायचा पाणी मागायला. मागच्या दारी. मी वरून ओतायची त्याच्या ओंजळीत. जब्याएवढाच होता."

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही कधी."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तेवढा शेवट परत लावायला सांगितला. मी सवयीने सुरू केलं तर म्हणाली, "तू थांब, मला ऐकू दे."

दिवाळीच्या सुट्टीसाठी 'पिंजरा' (१९७२) ठरलाय. तो तिने तरुणपणी थिएटरात जाऊन पाहिलाय, मी अजून पाहिलेला नाही.