नंबर लावून ये

साठ-सत्तरच्या दशकांत गिरगावच्या चाळींत वाढलेल्या कुणालाही विचारा, घरात सगळ्यांत जास्त वेळा कोणता इंग्रजी शब्द ऐकला? थँक्यू नाही आणि सॉरी तर नाहीच. असलं काही घरात कुणी कुणाला म्हणत नसे. शब्द होता ‘नंबर’, आणि तो बहुतेक वेळा हुकमाच्या सुरात यायचा. नंबर लाव. नंबर धर. नंबर सोडून कुठे उंडारत होतीस? नंबर जवळ आला की हाक मार, मी येते पैसे घेऊन.

गंमत म्हणजे ज्या इंग्रजांचा हा शब्द, त्यांना तो या अर्थाने ठाऊकच नाही. त्यांच्याकडे एखाद्याचा नंबर आला म्हणजे बिचाऱ्याचे शंभर भरले. पाळीचा अर्थ आपण त्याला घरी आणून चिकटवला. का चिकटवला, याबद्दल माझा एक तर्क आहे. मराठीत ‘पाळी’ होतीच, पण घरात त्या शब्दाला दुसरं काम लागलेलं. चार दिवस बाजूला बसण्याच्या त्या काळात बारा-तेरा वर्षांच्या मुलीने रस्त्यावरून ‘आई, पाळी आली गं!’ अशी आरोळी ठोकणं कुठल्या आईला परवडलं असतं? ‘नंबर आला’ म्हणण्यात कसलीच पंचाईत नव्हती. भाषातज्ज्ञांना हे पटणार नाही, चाळीतल्या बायकांना नक्की पटेल.

दिवसाचा पहिला नंबर लागायचा तो उजाडायच्या आत, दूधकेंद्रावर. गोरेगावच्या आरे वसाहतीचं उद्घाटन १९५१ साली नेहरूंच्या हस्ते झालं होतं. आमच्या आठवणीतलं आरेचं दूध म्हणजे काचेची बाटली आणि तिच्या तोंडावरचं ॲल्युमिनियमचं पातळ झाकण. कार्डावर जेवढ्या बाटल्या लिहिल्या असतील तेवढ्याच मिळणार. गाडी यायला वेळ असला की माणसं उभी राहत नसत, बाटल्या उभ्या राहत. रिकाम्या बाटल्यांच्या जाळ्या केंद्रासमोर ओळीने मांडलेल्या आणि त्यांचे मालक बाजूच्या पायरीवर जांभया देत बसलेले. रॉकेलला डबे, गिरणीत दळणाचे डबे, रेशनच्या दुकानापुढे पिशव्या, आणि पिशवी उडू नये म्हणून तिच्यावर दगड. पिशवी नसली तर नुसता दगडही चालायचा. त्या दगडाला माणसाचा मान होता. त्याला ओलांडून कुणी पुढे सरकू पाहिलं तर सबंध रांग अंगावर यायची, ‘अहो बाई, तिथे वरच्या माळ्यावरच्या काकूंचा दगड आहे, दिसत नाही का?’

या रांगेचे कायदे कुठे लिहिलेले नव्हते, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. नंबर ‘लावणारा’ आणि नंबर ‘धरणारा’ वेगळा असू शकतो. मधेच घरी जाऊन यायचं असेल तर पुढच्या आणि मागच्या, दोघांनाही सांगून जायचं; एकच साक्षीदार पुरत नाही. एका माणसाने फार तर दोन घरांचे नंबर धरावेत, तिसऱ्याला रांग कुरकुरते. पहिल्या माळ्यावरच्या काकू आमचा गव्हाचा नंबर धरत, त्या बदल्यात मी त्यांचं दळण आणायचं, असा व्यवहार वर्षानुवर्षं चालला आणि त्यात कधी हिशेब झाला नाही. कडेवर तान्हं मूल असलं की रांग आपसूक वाट द्यायची. त्यामुळे रेशनच्या दिवशी शेजारच्या बाळाला फार मागणी असे. एकाच बाळाला घेऊन एका सकाळी दोन बायका पुढे गेल्या, तेव्हा मात्र दुकानदारानेही हात जोडले.

घरातली वाटणीही ठरलेली. ताईकडे रेशन, मधल्या भावाकडे रॉकेल, माझ्याकडे गिरणी. दवाखाना आजीचा. तिला काही होत नसलं तरी दुसऱ्या कुणाचा नंबर लावायला ती चार वाजताच तिथे जाऊन बसायची, कारण चाळीबाहेरच्या बातम्या तिला तिथेच मिळत. अण्णा कुठल्याच रांगेत नसत. गणपतीत कोकणात जाणाऱ्या शेजाऱ्यांसोबत एसटीच्या आरक्षणाला एखादी रात्र काढली, की त्याचं वर्णन ते पुढे दिवाळीपर्यंत करत. वर्षभर उभ्या असलेल्या बायकापोरांचं वर्णन करायला कुणाला वेळ नव्हता.

१९७२ च्या दुष्काळात रांगा वाढल्या आणि पिशवीत पडणारी वस्तू बिघडली. बाहेरच्या देशातून आलेली लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आमच्या जिन्यावरच्या ज्या बायका त्या मोर्च्यांना गेल्या, त्यांचं जायचं ठरलं ते रॉकेलच्या रांगेतच. तासन् तास एकमेकींच्या मागे-पुढे उभ्या राहिलेल्या बायकांना वेगळी सभा भरवायची गरज नव्हती.

आजीच्या तोंडी मात्र नंबरचा ‘लंबर’ व्हायचा आणि त्याचा अर्थ असायचा शेत. ती देशावरची, इंदापूरकडची. ‘भावानं खालच्या लंबरात ऊस लावलाय’, ‘वरच्या लंबरातली विहीर आटली’. आम्हाला वाटायचं म्हातारी काहीतरी चुकीचं बोलते. पुष्कळ पुढे कळलं की आमचाच नंबर पोरसवदा होता, तिचा जुना. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास जमीनमोजणीला सुरुवात केली ती इंदापूर तालुक्यातच. शेताचा तुकडा न् तुकडा मोजून त्याला सर्व्हे नंबर दिला, हद्दीला दगड रोवले, आणि हळूहळू लोक त्या तुकड्यालाच नंबर म्हणू लागले. मुंबईत विहार तलावाचं पाणी नळाने आलं १८६० साली. म्हणजे आमच्या नळावर नंबर लागायच्या आधी पाव शतक तो आजीच्या माहेरच्या काळ्या रानात पोचलेला होता. पुढे १९४७ च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण सुरू झालं, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. गावचा नमुना नंबर सात आणि नमुना नंबर बारा एका कागदावर येऊन झालेला सातबारा तर आता शहरातल्या माणसालाही ठाऊक असतो. अक्षरओळख नसलेल्या आजीला माहेरच्या तिन्ही तुकड्यांचे जुने नंबर तोंडपाठ होते. नवे गट नंबर तिने कधी जिभेवर घेतले नाहीत; भावाची चिठ्ठी वाचून दाखवताना गट नंबर आला की ती आम्हाला थांबवून ‘म्हणजे कंचा?’ विचारायची.

डोळ्याचा नंबर हे प्रकरण वेगळं. तो ‘लागत’ नाही, ‘येतो’. आणि आला की ‘वाढतो’. मुलाला आला तर अभ्यासू म्हणून कौतुक, मुलीला आला तर आईच्या कपाळाला आठ्या. वधू-वरांच्या जाहिरातींत रंग, उंची यांच्या जोडीला ‘चष्मा नाही’ हा गुण छापला जायचा. ताईचा नंबर उणे तीन. हा आकडा उलटा केला की मीटरमध्ये अंतर निघतं: एक तृतीयांश मीटर, म्हणजे जेमतेम फूटभर. त्याच्या पलीकडचं सगळं धूसर. दाखवण्याच्या कार्यक्रमात आईने चष्मा काढायला लावला आणि ताई पोह्यांची बशी घेऊन अंदाजाने चालत गेली. समोरच्या खुर्चीतला मुलगा तिला दिसलाच नाही. आवाज बरा वाटला म्हणून हो म्हणाली. लग्नानंतर महिन्याभरात भावजींनीही कपाटातून आपला चष्मा बाहेर काढला. आजही दोघं एकमेकांवर फसवणुकीचा आरोप करतात, आणि दोघांचेही आरोप खरे आहेत.

शाळेतल्या नंबराबद्दल लिहायला मला फारसा उत्साह नाही. घरी आलेला प्रत्येक पाहुणा मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत ‘कितवा नंबर?’ विचारायचा, आणि मधला भाऊ त्या वेळी नेमका संडासला गेलेला असायचा. ताईच्या मॅट्रिकच्या निकालाला परीक्षेचे नंबर वर्तमानपत्रात छापून आले होते. अख्ख्या मजल्यावर एकच पेपर. अण्णा बोट फिरवत खाली जात आहेत आणि त्यांच्या खांद्यावरून सहा डोकी वाकलेली. त्या पानात नाव कुणाचंच नव्हतं, नुसते नंबर. तरी शेजारच्या आजोबांनी ‘सापडली!’ अशी आरोळी दिली, जणू ताई हरवली होती. भावाने १९७५ साली दहावीच्या पहिल्यावहिल्या एसएससीला बसून पहिलेपणाची हौस तेवढ्यावरच भागवली.

गॅसचा नंबर यायला वर्षं लागली, स्कूटरचा तर आला तेव्हा अण्णांची हौस संपली होती. परवान्यात नेमून दिल्यापेक्षा जास्त गाड्या काढायची मुभाच कारखान्यांना नव्हती, त्यामुळे स्कूटरपेक्षा तिचा नंबर महाग, असली उलटी बाजारपेठ होती. लोक नंबर विकत आणि वर पेढे वाटत.

टेलिफोन आमच्या मजल्यावर नव्हता. खालच्या दुकानात होता, आणि तो नंबर सबंध चाळीचा. लग्नपत्रिकेत, अर्जावर, ऑफिसच्या कागदावर तोच नंबर आणि पुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरं. त्याचा अर्थ बहुतेकांना माहीत नव्हता. ‘पर्टिक्युलर पर्सन’, म्हणजे अमुकच माणसाला बोलावून द्या. आमच्यासाठी त्याचा अर्थ दुकानातल्या पोऱ्याने चौकात उभं राहून मारलेली हाक एवढाच होता. ती हाक सगळ्या चाळीला ऐकू जायची, त्यामुळे कुणाचा फोन, कुठून, आणि परतताना चेहरा कसा, ही माहिती आपोआप सर्वांना मिळे. ट्रंककॉलला नंबर लावून बसावं लागायचं, साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग. लाइटनिंगचा दर साध्याच्या आठपट, म्हणून लाइटनिंग म्हटलं की बायका आधी डोळ्याला पदर लावत आणि मग कुणाचं काय झालं ते विचारत. ताईचा पहिला मुलगा झाला तेव्हा भावजींनी उत्साहाच्या भरात लाइटनिंग लावला, आणि आई फोनपर्यंत पोचेस्तोवर अर्धी चाळ रडत होती.

पत्राला मात्र थाटाचा नंबर मिळाला. आम्ही आधी पत्त्याखाली ‘मुंबई ४’ लिहायचो. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी पिनकोड सुरू झाला आणि आमचं गिरगाव ४०० ००४ झालं. टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर त्याचे जनक, आणि ते संस्कृतचे पंडित आणि कवी. अण्णांना याचा कोण अभिमान! देशभरच्या टपालाला सहा आकड्यांत बसवायचं काम एका संस्कृत पंडिताने केलं, यात त्यांना काहीच नवल वाटत नसे. ‘पाणिनीने दुसरं काय केलं?’ असं ते विचारत. माझ्या मामेभावाचं गोव्याचं पत्रही ४०३ ने सुरू होतं हे पाहिल्यावर त्यांनी जाहीर केलं, की महाराष्ट्र आणि गोवा एकाच आकड्याखाली आणायचं काम टपालाने तरी केलं. महाराष्ट्रात विलीन व्हायला गोव्याने नकार दिला त्या सार्वमताचा निकाल ते विसरले नव्हते.

घरात ज्याचं नाव काढायचं नाही असाही एक नंबर होता. मटक्याचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि मिटत्या भावांवर आकडा लावण्यापासून तो सुरू झाला. पुढे कापूस गेला आणि मडक्यातून चिठ्ठ्या काढणं आलं, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र राहिले. गिरणगाव जवळ, त्यामुळे हे लोण आमच्या गल्लीतही होतं. कुणाला स्वप्नात साप दिसला तर त्याचा आकडा काढून देणारे होते. १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी निघाली तेव्हा अण्णांनी तिकीट घेतलं आणि आईला म्हणाले, ‘ही सरकारी आहे.’ आईने तिकीट देवापुढे ठेवलं, पण हळदकुंकू वाहिलं नाही. तेवढा फरक तिने पाळला.

दोन नंबरचा पैसा, दोन नंबरचा धंदा, हे त्याच सुमाराला कानावर यायला लागलं. गोंधळ असा, की शाळेत करंगळीऐवजी दोन बोटं वर करून ‘दोन नंबरला जाऊ?’ विचारायची पद्धत होती, आणि आमच्या नात्यातल्या एका बिल्डरबद्दल ‘त्याचं सगळं दोन नंबरचं आहे’ हे वाक्य मोठ्यांच्या तोंडून ऐकून धाकटा चुलतभाऊ किती तरी दिवस त्यांच्या घरी पाणीसुद्धा पीत नव्हता.

आता नातवंडांच्या तोंडी नंबर एकच उरला आहे, एक नंबर. मिसळ एक नंबर, सिनेमा एक नंबर, कालचा तो दुसरा सिनेमा तोही एक नंबर, शिवाय घरासमोरचा कुत्रा. सगळेच्या सगळे एकाच वेळी पहिले. ही सोय आमच्या शाळेत असती तर मधल्या भावाच्या संडासाच्या पुष्कळ खेपा वाचल्या असत्या.