मूठभर माणसांचा ड्रायव्हर

‘कोड खुला आहे, मग कुणीही दुरुस्त करेल,’ असं आपण सहज बोलून जातो. हे ‘कुणीही’ म्हणजे नेमके किती जण, ते ‘नूव्हो’कडे पाहिलं की कळतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठी लिनक्सवर चालणारा हा खुला ड्रायव्हर. माझ्या जुन्या संगणकाचा पडदा त्याच्याच जिवावर उजळतो.

2005 च्या सुमारास स्टीफान मार्शेसिन यांनी हे काम सुरू केलं. (‘एनव्ही’ टाइप केलं की त्यांचा चॅट प्रोग्राम ‘नूव्हो’ सुचवायचा, तेच नाव पडलं. फ्रेंचमध्ये अर्थ ‘नवा’.) कार्डाची तांत्रिक माहिती कंपनी देत नव्हती. मग कंपनीचाच बंद ड्रायव्हर चालवायचा आणि तो कार्डाच्या कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा लिहितो, त्याची नोंद करत बसायचं. बावर्ची कृती सांगत नाही, तेव्हा तो कोणत्या डब्यातून किती चिमटी काढतो ते खिडकीतून पाहून बिर्याणी शिकायची, तसलाच प्रकार. शिकून होईतो बावर्ची नवी देग चढवतो. तरीही 2010 मध्ये नूव्हो लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाला. मोजक्या माणसांनी, त्यातही बऱ्याच जणांनी फावल्या वेळात केलेलं हे काम आहे.

2014 च्या जीटीएक्स 900 मालिकेपासून मात्र चिकाटीही अपुरी पडली. कंपनीची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर नसेल, तर कार्डाचा वेग वाढवता येईना. रस्ता माहीत आहे, पण फाटकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. माणसं कमी होती हे खरं, पण शंभर असती तरी इथे काय करणार होती? एएमडीने 2007 मध्ये आपल्या कार्डांची माहिती खुली करायचं जाहीर केलं आणि तिकडचे खुले ड्रायव्हर पुढे निघून गेले. माहिती दडवली की आधीच थोडे असलेले हात अंदाज बांधण्यातच झिजतात, असं माझं मत आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये वर्षानुवर्षं हा भार वाहणारे बेन स्केग्ज देखभालीच्या जबाबदारीतून बाजूला झाले. एक माणूस उठला आणि आता पुढे कोण, हा प्रश्न उभा राहिला. पुढच्या वर्षी ते एनव्हिडियाच्याच नोकरीत गेले आणि तिथून नूव्होसाठी कोड पाठवू लागले. जानेवारी 2024 च्या 6.7 कर्नलपासून कंपनीचं नवं फर्मवेअर वापरून ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कार्डांचा वेग वाढवायची सोय झाली.

900 आणि 1000 मालिकेची कार्डं मात्र मधल्या मध्ये अडकली. त्यांच्यासाठी ते फर्मवेअर नाही. नूव्होवर ती आजही सुरुवातीच्या मंद चालीनेच चालतात.