कॅज्युअल्टीतला फोन

रात्री अकराच्या सुमारास फोन वाजला. आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलीची अम्मी बोलत होती. "बाजी, बच्ची को दवाखाने में लाए हैं. तुम आव, पर किसी को बोलना नको." पुढे तिला बोलवेना. काय झाले असावे ते आम्ही ओळखले.

सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत पोहोचलो तेव्हा जिवावरचे संकट टळले होते. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अब्बा बाकावर मान खाली घालून बसलेले. मामूंना एकच घाई, पोलीस येण्याआधी पोरीला घरी न्यायचे. मोहल्ल्यात इज्जत जाईल ना!

आणि आम्ही? महिन्याभरापूर्वी हीच मुलगी आम्हाला भेटायला आली होती. "बाजी, जीने को दिल नहीं करता," म्हणाली होती. बी.एड.ला आम्ही मानसशास्त्र शिकलो, गुणही बरे पडले. तरी तोंडून निघाले ते एवढेच, "तौबा कर, खुदकुशी हराम आहे." ते खोटे नव्हते. पण तिने दार उघडले होते आणि आम्ही नसीहत देऊन ते लावून टाकले.

त्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ नव्हता. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरबाईंनी मामूंना बसवून घेतले. पोलिसांना कळवावे लागते, त्या म्हणाल्या. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ सांगते की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे. मग मुलीला विचारून त्यांनी १४४१६ नंबर लावला. ही 'टेली मानस' सेवा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. ती मोफत आहे आणि रात्रंदिवस चालते. फोन मुलीच्या हाती देऊन बाईंनी आम्हा सर्वांना पडद्याबाहेर काढले.

चाळीस मिनिटे गेली. आत काय बोलणे झाले ते आम्ही कधी विचारले नाही. पडदा सरला तेव्हा तिच्याजवळ एक कागद होता. मन पुन्हा अंधारू लागले तर त्याची पहिली खूण कोणती, तेव्हा काय करायचे, घरातले काय अम्मीने कुलपात ठेवायचे, कोणाला फोन करायचा. त्या नावांत दुसरे नाव आमचे होते. आम्हाला रडू आवरले नाही.

घरी नेले की झाले, असे अब्बांना वाटत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, खरी काळजी आता घ्यायची. पुढे आम्ही एका अभ्यासाविषयी वाचले. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, इराणातील करज अशा ५ ठिकाणच्या तातडीच्या विभागांत आलेल्या १,८६७ जणांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला नेहमीचेच उपचार. दुसऱ्याला त्याखेरीज तासाभराचे समजावणे, आणि दीड वर्षात ९ वेळा फोन किंवा भेट. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले, दुसऱ्यात ०.२ टक्के.

म्हणजे औषध कोणते, तर विचारपूस! बीमारपुर्सी ही तर आमच्या घराघरातली रीत. ताप आलेल्याकडे आम्ही फळे घेऊन जातो. मन आजारी पडले की मात्र घराचा पडदा ओढून घेतो.

आता दर जुम्म्याला शाळा सुटली की आम्ही तिला फोन करतो. कधी ती उचलत नाही, तेव्हा काळजात धस्स होते. मग तिचाच फोन येतो, "बाजी, रोटियां डाल रही थी." वर्गातही कोणी जीव नको झाला म्हणाले तर आम्ही आधी सरळ विचारतो, मरावेसे वाटते का? विचारल्याने तो खयाल डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग आम्ही गप्प बसून ऐकतो.

परवा तिने फोन ठेवताना विचारले, "बाजी, तुम खाना खाए?" आम्ही जेवलो नव्हतो. खरे तेच सांगितले.