संकट गेलं म्हणे

“ताई, बरं झालं समजा. घरावरचं संकट माशांनी घेतलं.” दुकानदाराचं हे वाक्य आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

टाकी साधीच, दोन फुटी. गप्पी, मॉली आणि एंजलची जोडी. ज्या दुकानातून घेतली त्यांचाच माणूस येऊन पाणी बदलायचा. थोडं काढायचा, थोडं घालायचा, तक्रारीला जागा नव्हती. त्या खेपेला नवा मुलगा आला. मेहनती, हे मान्यच करते. त्यानं मासे बादलीत काढले, टाकी पार रिकामी केली, तळाचे खडे नळाखाली खसाखसा चोळले आणि फिल्टरमधला स्पंज काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत पिळला. मग नळाचं पाणी काठोकाठ भरलं, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले, मासे सोडले. मी ऑफिसातून आले तेव्हा टाकी लखलखत होती. सासूबाई खूश. शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या.

दोन-तीन दिवसांत एंजल वर येऊन तोंड वासायला लागले, मॉली पंख मिटून कोपऱ्यात. आठवडाभरात जवळजवळ सगळं संपलं. आणि पाणी इतकं नितळ, की पलीकडचं कॅलेंडर वाचता यावं.

नितळ असून उपयोग काय? माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. खड्यांवर, आणि मुख्य म्हणजे त्या स्पंजवर, जिवाणू राहतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. साचलेलं नायट्रेट कमी करायला तर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं असतं! जिवाणूंची ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तो ऐवज एका दुपारी मोरीत गेला. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळावा, आणि खडे त्याच दिवशी घासू नयेत. एवढंच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं तसं या जिवाणूंनाही मारतं, आणि थेंब टाकले गेले ते सगळं धुऊन झाल्यावर.

मी दुकानात गेले. आधी म्हणाले, मासे कमजोर होते. मग, खाणं जास्त पडलं असेल. मग, खिडकीचं ऊन. मी स्पंजचा विषय काढला तेव्हा संकट आलं. आणि त्याच दमात, “नवी जोडी लावून देतो, थोडं कमी करून.”

मिक्सर बंद पडला तर आपण वॉरंटी कार्ड शोधतो. मासा मेला तर हात जोडतो. ज्या धंद्यात माल मेला की गिऱ्हाईक दुकानदाराचेच आभार मानतं, त्या धंद्यात स्पंज कसा धुवावा हे पोराला कोण शिकवणार? आठ सोनेरी आणि एक काळा, हा वास्तूचा हिशोबही तिथेच सांगतात. काळा संकट घेतो म्हणे. म्हणजे त्याच्या मरणाची तजवीज खरेदीच्या वेळीच झालेली. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला सांगितलं स्वच्छ कर, त्यानं केलं.

आता पाणी मीच बदलते. बादली आदल्या दिवशी भरून ठेवते, सायफननं तळातलं काढते, पावापेक्षा जास्त नाही. ज्याला त्याला हेच सांगते.

पण खालच्या मजल्यावरचे काका दर रविवारी काचेचं भांडं उलटं करून, नळाखाली घासून, नळाचंच पाणी भरतात. फिल्टर नाही, थेंब नाहीत. त्यांचा गोल्डफिश वर्षानुवर्षं जगतोय. एकच मासा, खाणं चिमूटभर, घाण साचायच्या आत पाणी बदललेलं, असं स्पष्टीकरण मी मनाशी देते, पण क्लोरीनपाशी अडते. त्या माशानं माझं सगळं शास्त्र नाकारलंय याचा मला, खरं सांगायचं तर, रागच येतो. काकांना मी काही बोललेले नाही. ते मात्र आले की आत ठेवलेल्या लाकडामुळे पिवळट झालेल्या माझ्या टाकीकडे बघून विचारतात, “काय गं, पाणी बदलत नाहीस का?”