गौताळ्याचे वाटेकरी

गौताळ्यातला साग जवळून पाहावा. पुष्कळ ठिकाणी ते एक झाड नसतंच. जुन्या, काळ्या पडलेल्या खुंटातून तीन-चार फुटवे दाटीवाटीनं वर गेलेले असतात. खुंट कुऱ्हाडीच्या काळातला, फुटवे नंतरच्या पावसाळ्यांचे.

१९८६ साली मराठवाडा-खानदेशच्या सीमेवरचं हे रान गौताळा औट्रमघाट अभयारण्य झालं. सुमारे २६० चौरस किलोमीटर डोंगररानात पहिला मान जनावरांना मिळाला. बिबट्या, अस्वल, रोही. २०२१ मध्ये तर यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक वाघ शेतं, रस्ते ओलांडत तीनशेहून अधिक किलोमीटर चालत इथे आला. त्याचं कौतुक छापून आलं. कडेला मका नि आलं लावणाऱ्याला मात्र वाघाचं काही नाही, रोही छळतात. रात्रभर माळ्यावर जागणारा शेतकरी जंगलाबद्दल जे बोलतो, ते माहितीफलकावर लिहिता येणार नाही.

पावसाळी रविवारी आणखी एक वाटेकरी येतो, म्हणजे आपण. धवलतीर्थचा धबधबा कोसळू लागला की मोटारींची रांग, भाजलेली कणसं आणि धबधब्यावर कुरघोडी करणारं कुणाचं तरी स्पीकरवरचं गाणं. कणीस मीही खातोच.

पण मला विचाराल तर थोरला वाटा पाण्याचा. दक्षिण उतारावरचा थेंब गोदावरीकडे जातो, उत्तरेचा पाटणादेवीच्या अंगानं गिरणेकडे, पुढे तापीला. मराठवाडा आणि खानदेश, दोघेही तहानेले.

दिवाळीनंतर वरची पानं पायाखाली चुरचुरत असताना पाचोळा हातानं सारून बघावा. खालची माती अजून ओलसर, बोटाला चिकटणारी. तिच्यात पांढऱ्या बुरशीचे धागे. पावसाचा मारा हा थर झेलतो, म्हणून पाणी धावत न सुटता मुरतं. वणव्यानं तो जळाला की पहिल्याच पावसात ओढा गढूळ होऊन सुटतो. उतारावर खोदलेले समतल चर पाणी मुरवण्याचं हेच काम करतात, पण चर गाळानं बुजतात. पाचोळा दरसाल नवा पडतो, फुकट.

म्हणून या रानात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो जाळरेषा काढणारा वनमजूर. उन्हाळा तापण्याआधी तो वाटेच्या कडेनं पट्टाभर पाचोळा झाडतो, स्वतःच पेटवतो आणि हिरवी फांदी घेऊन आगीच्या मागे मागे चालतो, बाकीचं रान वाचावं म्हणून. विडी ओढायला मात्र पार डांबरी रस्त्यावर येतो.